विलासचा हात चुकला नव्हता

विलास,

तुझ्या जलदानविधीला मला बोलायला उभं केलं आणि मी तुझ्या फोटोसमोर खोटं बोललो.

विहार भरला होता. बाहेर मंडपातही माणसं बसली होती. तुझे आयटीआयचे सहकारी होते, आपल्या कंपनीतले जुने लोक होते, पॅकिंगच्या बायका एका रांगेत पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. मोठे साहेबसुद्धा आले होते. त्रिसरण-पंचशील झालं, दोघंतिघं बोलले, आणि मग माझं नाव पुकारलं, ‘कंपनीतले जिवलग मित्र’ असं म्हणून. मी मनाशी चार वाक्यं ठरवून आणली होती. ती बोलून खाली बसायचं होतं. पण समोर साहेब दिसले आणि पाचवं वाक्य आपोआप तोंडातून गेलं. मी म्हणालो, “विलासच्या हातून एकदा चाचणीत चूक झाली होती. पण ती त्याने कधी दुसऱ्यावर ढकलली नाही. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस.”

लोकांनी माना डोलावल्या. साहेबांनीही. वैशालीवहिनी तोवर खाली बघत होत्या. त्यांनी मान वर केली आणि मी बसेपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या.

चूक तुझी नव्हती. चूक माझी होती, आणि ती तुझ्या नावावर मीच लिहिली होती. हे दोघांनाच माहीत होतं, तुला आणि मला. आता मी एकटा उरलो. मी तोंड उघडलं नाही तर तुझं नाव तसंच राहणार होतं. आणि नुसतं नाव नाही. त्या खोट्या ओळीच्या जोरावर आता लहान मुलांचं पेन बाजारात जायच्या बेतात होतं.

पेन म्हणजे काय हे तुला सांगायला नको. पण हे तुझी आळी वाचणार आहे म्हणून सांगतो. वीतभर लांबीची प्लास्टिकची नळी. आत औषध भरलेली काचेची सिरिंज, तिच्यामागे दाबून बसवलेली स्प्रिंग, आणि त्या स्प्रिंगला धरून ठेवणारी नखाएवढी प्लास्टिकची खिट्टी. आग्या माश्या किंवा गांधीलमाशी चावून एखाद्याचं अंग सुजलं, घसा बंद व्हायला लागला, की टोपण काढायचं आणि पेन मांडीवर दाबायचं. खिट्टी सुटते, सुई आत जाते, औषध जातं, दवाखाना गाठेपर्यंत माणूस तग धरतो. आमच्याकडून दोनच गोष्टींची अपेक्षा. दाबलं की सुटलंच पाहिजे, आणि दाबल्याशिवाय सुटता कामा नये. तू ट्रेनिंगला आलेल्यांना सांगायचास, “बैलासारखं हाय बघा. सांगितलं की चालायला पाहिजे, आणि न सांगता शिंग मारायला नाय पाहिजे.”

विहारात कुणीतरी तुला ‘शांत स्वभावाचे’ म्हणालं तेव्हा पॅकिंगच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. तू आणि शांत! कंपनीत पहिल्या दिवशी तू गेटवरच एवढ्या मोठ्याने ‘जय भीम’ घातलास की वॉचमन खुर्चीतून उठला. मी म्हटलं, जरा हळू. तर म्हणालास, “पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं बरं. मग लोकांचा आडनाव विचारायचा वेळ वाचतो.” आपण दोघंही डिप्लोमावाले, एकाच वर्षाचे. मी डिझाइनला बसलो, तू टेस्टिंगला. मी पोलादपूरकडचा, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या गावातला, घरात कुणी मोठ्याने बोललं की म्हातारी माणसं दार लावून घ्यायची. मला तुझ्यासारखं बोलता येत नव्हतं, म्हणूनच तुझ्याजवळ बसायला आवडायचं. माझ्या वाटणीचंही तूच बोलायचास.

हिरकणीवाडी आठवते? पेनाचा पहिला नमुना झाला होता. दिसायला देखणा, दोन्ही टोकं सारखी, वर एक बटण. मला त्याचा अभिमान होता. तू म्हणालास, “एसीत बसून देखणा दिसतोय. चल, माणसांना देऊन बघू.” रविवारी मोटारसायकलवर मला मागे बसवून रायगडाखाली घेऊन गेलास. रोपवेच्या वाटेवर ताक आणि पिठलं-भाकरी विकणाऱ्या एका मावशींना तू बिनसुईचं पेन दिलंस.

“मावशी, समजा आग्यामाशी चावली. जीव घाबराघुबरा झाला. हे कसं वापराल?”

“आग्यामाशी चावल्यावर मी ह्ये शोधत बसू काय? मी पळनार.”

“पळून झालं. आता वापरा.”

मावशींनी पेन मुठीत धरलं, टोकावर अंगठा ठेवला आणि दाबला. “हां. झाला.”

“तुमचा अंगठा गेला, मावशी. सुई तिकडून येते.”

“अरे बाबा, मग तिकडनं कशाला काढलीस? पेनाचं बटन वर नसतं काय? सगली दुनिया वरनंच दाबते.”

शेजारच्या टपरीवरची बाई हसायला लागली, “गो, अंगठा गेला तुझा, आता भाकरी कोन थापील?” मावशी म्हणाल्या, “हा साहेब थापील, पेन त्यानंच केलानी ना.” तू माझ्याकडे बघितलंस. काही बोलला नाहीस, आणि तुझ्या बाबतीत ते फार होतं. अजून पाचसात जणांना दिलं. निम्म्यांनी अंगठा सुईवर ठेवला. परतीच्या वाटेवर मी तुझ्याशी बोललो नाही. तू मात्र वाऱ्यावर ओरडत होतास, “बटण काढ संत्या! बटणच काढ! सुईचं नाक केशरी कर, जाड कर, माणसाला बघूनच कळू दे इकडनं चावतंय!”

आठवडाभर मी फुगून होतो. मग बटण काढलं. आज ते पेन ज्यांच्या घरात आहे त्यांचे अंगठे तुझ्यामुळे शाबूत आहेत. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझं ऐकून केलेल्या गोष्टीला कंपनीत सगळे माझं डिझाइन म्हणायचे आणि मी ‘हो’ म्हणायचो.

पण खिट्टीच्या वेळी मी तुझं ऐकलं नाही.

ड्रॉइंग टेबलावर होतं तेव्हाच तू बोट ठेवलंस. खिट्टीचा दांडा जिथे कड्याला मिळतो तिथे आतला कोपरा मी अणकुचीदार ठेवला होता. तू म्हणालास, “कोपरा गोल मार रे. तडा तिथूनच जाईल.” प्लास्टिकचं काम करणाऱ्या कुणालाही हे कळतं. मलाही कळत होतं. पण कोपरा गोल केला की तिथे माल वाढतो, खिट्टी ताठ होते, पेन दाबायला जोर जास्त लागतो. आणि जोर किती लागेल याचा आकडा मी आधीच मीटिंगमध्ये देऊन बसलो होतो. मी म्हटलं, “आकडे बसतायत.” तू म्हणालास, “आकडे बसतील. खिट्टी बसंल काय?”

मग ती पाडायची चाचणी. टेबलाच्या उंचीवरून पोलादी पाट्यावर पेन पाडायचं. आडवं, नाकावर, शेपटावर. तू शेपूट नेहमी शेवटी ठेवायचास. घाबरलेल्या माणसाच्या घामट हातातून पेन निसटलं तर ते शेपटावरच पडणार, असं तुझं म्हणणं. त्या दिवशी मी मुद्दाम तुझ्याशेजारी उभा होतो, कारण रिपोर्ट मला हवा होता, ग्राहकाची माणसं यायची होती. तू पेन सोडलंस. ते शेपटावर पडलं, एकदा उसळलं, थांबलं. तू उचललंस, कानाशी नेऊन हलवलंस. म्हणालास, “आवाज वेगळा येतोय.” मी म्हटलं, “उघड ना.” तू डाव्या हातात पेन धरून उजव्या हाताने टोपण ओढलंस.

टक् झालं.

कुणी दाबलंच नव्हतं. सुई तुझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या मांसातून आरपार गेली होती. आत मिठाचं पाणीच होतं म्हणून बरं. तू हात वर धरलास. पांढऱ्या फरशीवर थेंब पडायला लागले आणि तू हसलास, “चालतं रे तुझं पेन! नको तेव्हा चालतं!”

मी तुझ्या हाताकडे बघितलं नाही, विलास. मी पेन उघडलं.

तू नळाखाली हात धरायला गेलास तेव्हा मी खिट्टी भिंगाखाली धरली होती. कोपऱ्याशी पांढरी रेघ आणि तिच्यातून गेलेला तडा. तू सांगितला होतास त्याच जागी. पलीकडे दळायला जाणाऱ्या रद्दी प्लास्टिकचं पिंप होतं. तू पट्टी बांधून परत आलास तोवर खिट्टी त्या पिंपात होती आणि मी रिपोर्टवर लिहून मोकळा झालो होतो: टोपण काढताना परीक्षकाकडून चुकीची हाताळणी, सॅम्पल बाद, नवीन सॅम्पल घेऊन चाचणी पूर्ण. नवीन सॅम्पल पास झालं. अशी खिट्टी दर वेळी तडकत नाही. पुष्कळ वेळा टिकते, आणि त्यातच सगळा धोका असतो.

तू उभ्याउभ्या वाचलंस.

“हे तू लिहिलंस?”

“तात्पुरतं रे. मोल्ड दुरुस्त करतो, मग बदलतो.”

“खिट्टी कुठाय?”

मी पिंपाकडे बघितलं. तूही बघितलंस. मग एवढंच म्हणालास, “तू लिहिलंस, तू खोड.” आणि गेलास. तू ओरडला असतास तर मी बहुतेक त्याच दिवशी खोडलं असतं.

मोल्ड, म्हणजे खिट्टीचा साचा, मात्र मी दुरुस्त केला. पुढच्याच आठवड्यात टूलरूममध्ये उभा राहून कोपरा गोल करून घेतला. कारण विचारलं तेव्हा सांगितलं, पार्ट मोल्डमध्ये चिकटतोय. बाजारात गेलेलं प्रत्येक पेन गोल कोपऱ्याचं गेलं. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत झोपलो की कुणाचं काही बिघडलं नाही. ड्रॉइंग बदललं नाही, कारण ड्रॉइंग बदलायचं तर कारण लिहावं लागतं, आणि कारण मी पिंपात टाकलं होतं.

पेन सुधारलं. तुला मात्र पॅकिंगला टाकलं. ‘टेस्टिंगला स्थिर हात लागतो’ असं म्हणाले.

इथे मला आणखी एक गोष्ट लिहायची आहे. ती मी स्वतःशीही कधी पुरी बोललेलो नाही. त्या रिपोर्टवर माझ्याच गावच्या, माझ्याच आडनावाच्या कुणाचं नाव असतं तर चौकशी झाली असती. दोन प्रश्न विचारले गेले असते. सुटलेल्या पेनाची खिट्टी कुठे आहे, हे तरी कुणी विचारलंच असतं. तुझ्याबाबतीत कुणी विचारलं नाही. ‘हाताळणी चुकली’ म्हटल्यावर सगळ्यांना ते लगेच पटलं. महाड-पोलादपूरकडच्या माणसाला ‘अमक्याचा हात लागला’ या शब्दांचा वास किती जुना आहे ते सांगावं लागत नाही. मला तो वास येत होता. लिहिताना मी तो वापरला, असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण ते पटेल हे मला माहीत होतं. तेवढं मला माहीत होतं, विलास.

तू वर्षभर खोकी मोजलीस आणि मग आयटीआयला लागलास. ड्रॉइंग शिकवायला. मला वाटलं, सुटलो. तू मात्र मैत्री तोडली नाहीस. तेच जास्त जड गेलं. भेटलास की ओरडून बोलायचास, जेवायला बोलवायचास, वहिनींना सांगायचास, “संत्याला तिखट कमी घाल, पोलादपूरचं पोट हाय.” आणि मध्येच, काहीही चाललेलं असताना, माझ्याकडे बघून थांबायचास. मी विषय काढावा म्हणून. मी क्रिकेटवर जायचो.

महाडात पाणी शिरलं त्या वर्षी मी तुझ्या घरी फावडं घेऊन आलो. गुडघाभर गाळ होता. दिवसभर आपण दोघांनी घमेली भरली. दुपारी ओट्यावर बसलो होतो. अंगाला नुसता चिखलाचा वास. तू म्हणालास, “घरातला काढलास. आता दुसरा कधी काढतोस?”

मी म्हटलं, “कुठला दुसरा?”

तू घमेलं उपडं केलंस आणि म्हणालास, “काय नाय. पाणी पी.”

मी तुला विचारायला हवं होतं की तू स्वतः का नाही बोललास. तुझं तोंड काही बांधलेलं नव्हतं. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन टेबल हादरवू शकला असतास. मला वाटायचं तू मला वाचवतोयस. मग वाटायचं, तू मला शिक्षा करतोयस. आणि कधी वाटायचं, तुला पक्कं माहीत होतं की तू बोललास तर माझ्या शब्दापुढे तुझा शब्द उभाच राहणार नाही, आणि ते डोळ्यांनी बघायचं तुला नको होतं. यातलं काय खरं, हे भांडण आपलं राहून गेलं.

शेवटचा फोन तू आजारपणातून केलास. टूलरूममधल्या तुझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून तुला कळलं होतं.

“संत्या, लहान पोरांचं पेन करताय म्हणे. खिट्टी जुन्या ड्रॉइंगवरनं कापतायत काय रे?”

“बघतो.”

“बघतो नको. कोपरा बघ.”

“बघतो म्हटलं ना.”

“माझं जाऊ दे. माझं काय व्हायचं ते झालं. पोरांचं हाय ते. शाळेत दप्तरात राहील, दहा वेळा पडेल…” तुला धाप लागली. ती मला ऐकू येत होती. आणि मी त्या धापेचा फायदा घेतला. म्हटलं, “तू आराम कर, विलास. नंतर बोलू.” आणि ठेवला.

खरं तर मला बघायची गरजच नव्हती. नव्या पेनावर पूर्वा म्हणून आमच्याकडची तरुण इंजिनीअर काम करते. तिने तुझ्या फोनच्या आधीच मला विचारलं होतं, “सर, चालू पेनाच्या खिट्टीला या कोपऱ्यात मटेरियल जास्त आहे, ड्रॉइंगला नाहीये. मोल्ड झिजलाय का?” मी म्हणालो होतो, “असेल.” तिने शहाण्या मुलीसारखं ड्रॉइंगप्रमाणे केलं, म्हणजे कोपरा पुन्हा अणकुचीदार. जुन्या रिपोर्टात ही खिट्टी एकदाही तुटलेली नव्हती, म्हणून नव्या पेनाला तिची वेगळी कसून परीक्षा नको असं ठरलं. तू गेलास त्या आठवड्यात मोल्ड तयार होऊन कंपनीत आला.

विधीनंतर जेवणं चालली होती. वहिनी वाढता वाढता माझ्यापाशी थांबल्या.

“भावजी, ती चूक त्यांची होती?”

“वहिनी, आता ते सगळं…”

“हो की नाय, येवढंच विचारलं मी.”

“नाही.”

हा शब्द पहिल्यांदा तोंडातून गेला. त्यांच्या हातात भाताचा डाव होता. तो तसाच राहिला.

“मग मघाशी उभं राहून काय बोललात?”

पलीकडून कुणीतरी भात मागितला आणि त्या पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी मोल्ड मंजूर करायची मीटिंग होती. साहेब, क्यूएचे म्हणजे गुणवत्ता तपासणारे दोघे, पूर्वा, मी. कागद माझ्यासमोर आला आणि मी सांगितलं. जसं झालं तसं. पहिल्यांदा कुणाला कळलं नाही, म्हणून दोनदा सांगावं लागलं.

साहेबांनी कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, “संतोष, तुमचा मित्र गेलाय. मी समजू शकतो. चार दिवस रजा घ्या.”

“रजा नकोय, सर. मोल्ड थांबवा.”

“ती तडकलेली खिट्टी कुठे आहे?”

“मी फेकली.”

“फोटो?”

“नाही.”

“मग मी ग्राहकाला काय सांगू? आमच्या माणसाला काल विहारातून आल्यावर आठवलं?”

पूर्वा उठली आणि नव्या मोल्डच्या पहिल्या पेनांचा ट्रे घेऊन आली. म्हणाली, “पाडून बघू ना, सर.” आता टोपण हाताने काढत नाहीत, त्यासाठी पकड बसवलेली आहे. तुझ्या हाताला लागल्यानंतरच ती बसवली. आम्ही एकेक पेन शेपटावर सोडत गेलो. पडलं, उसळलं, टोपण निघालं, पेन गप्प राहिलं. पुढचं. तेही गप्प. सगळा ट्रे संपला. सगळी पास. साहेबांचा चेहरा सैल झाला. जन्मात पहिल्यांदा माझी खिट्टी तुटावी म्हणून मी जीव मुठीत धरून उभा होतो, आणि ती तुटत नव्हती.

“झालं समाधान?” साहेब म्हणाले.

मी पूर्वाला म्हटलं, “पास झालेली पेनं उघड. सगळी.” ती भिंगापाशी बसली. एकेक खिट्टी फिरवून बघत होती. साहेब घड्याळ बघत होते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “सर, इथे एक पांढरी रेघ आहे. तडा नाहीये.”

क्यूएवाला म्हणाला, “रेघेला काय, पार्ट पास आहे.”

मी वाकून बघितलं. तीच जागा. पेन नियमाप्रमाणे पास होतं. त्या खोलीत ती रेघ पूर्वी पाहिलेला मी एकटाच होतो. मी म्हटलं, “ही रेघ मला माहीत आहे. हे पेन पुढच्या वेळी पडलं की काय होतं, ते विलासच्या हातातून गेलंय.”

“हे लिहून द्याल? सहीनिशी?” साहेबांनी विचारलं. त्यांना वाटलं असेल, इथे हा माघार घेईल. मलाही वाटलं होतं.

जुना रिपोर्ट मागवला. आमच्याकडे खोडायची रीत ठरलेली आहे, तुला ठाऊक आहे. गिरबटायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही. एकच रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी खरं लिहून सही करायची. मी रेघ मारली. ‘परीक्षकाकडून चुकीची हाताळणी’ हे शब्द तिच्याखाली तसेच दिसतात, पुढेही दिसतील. शेजारी लिहिलं: खिट्टी मुळाशी तडकली, पेन न दाबता सुटलं, परीक्षकाची चूक नव्हती, खिट्टी मी नष्ट केली. सही केली. स्थिर हात तुझाच होता.

मोल्ड थांबला आहे. कोपरा गोल होईल, आणि या वेळी ड्रॉइंगवर कारणासकट होईल. मला कामावरून बाजूला केलं आहे, चौकशी चालू आहे. कंपनीतले काही जण बोलत नाहीत. काही जण फारच गोड बोलतात. व्हायचं ते होईल.

त्याच संध्याकाळी तुझ्या घरी आलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मी थांबल्यावर म्हणाल्या, “मला घरात येऊन सांगून काय? शंभर माणसांसमोर बोललात, शंभर माणसांसमोर सांगा.”

मी म्हटलं, “वहिनी, मला उभं राहून बोलता येत नाही.”

“काल तर आलं.”

मी उठायला लागलो.

“मग लिहून द्या. विहाराची स्मरणिका निघतेय. त्यात छापू. नावासकट.”

म्हणून हे लिहिलं, विलास. लिहून वहिनींकडे नेलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. खिट्टी म्हणजे नक्की कुठली ते विचारून घेतलं. हिरकणीवाडीच्या मावशींपाशी थोडं हसल्या. मग एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, ‘तू मला केव्हाच माफ केलं होतंस.’

“हे तुम्हांला कोणी सांगितलं?”

“तसं कुणी नाही. पण तो कधी काही बोलला नाही, म्हणून मला…”

“तुमच्याजवळ नाय बोलले,” वहिनी म्हणाल्या. “माझ्याजवळ बोलायचे. काढा ते.”

ती ओळ काढली आहे. बाकीचं तसंच छापायला दिलं.

त्यांच्याजवळ तू काय बोलायचास, हे मी अजून विचारलेलं नाही.

तुझा,
संतोष